दारूगोळ्याच्या शेजारी राहणाऱ्यांसाठी

३० मे २०१६ ची रात्र उलटली आणि एकच्या सुमारास पुलगावच्या मध्यवर्ती दारूगोळा कोठारात एका शेडला आग लागली. वर्धा जिल्ह्यातलं हे कोठार देशातल्या सर्वांत मोठ्या कोठारांपैकी. आग विझवायला जे धावले, तेच स्फोटात सापडले. दोन लष्करी अधिकारी, डिफेन्स सिक्युरिटी कोअरचे जवान आणि कोठाराच्याच फायर ब्रिगेडमधली बरीचशी माणसं, असे सोळाहून अधिक जण गेले. आगरगावसारख्या शेजारच्या गावांना रातोरात घरं सोडावी लागली. पुढे चौकशीतून आलं ते असं, की रणगाडाविरोधी सुरुंगांमधून टीएनटी हे स्फोटक पाझरत होतं. शुद्ध टीएनटी ८० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं. पण बनवताना त्यात अशुद्ध भाग राहून गेला, तर तो विदर्भाच्या उन्हाळ्यातच तेलकट होऊन बाहेर झिरपू लागतो. असा माल वर्षानुवर्षं साठवून ठेवणं म्हणजे आगीला निमंत्रण.

अशा वेळी आपण गेलेल्यांना शहीद म्हणतो, श्रद्धांजलीचे फलक लावतो आणि तिथेच थांबतो. जळत्या शेडकडे धावणाऱ्यांचं शौर्य मोठंच होतं, त्याबद्दल दुमत असायचं कारण नाही. पण शांततेच्या काळात कोठारात किंवा कारखान्यात जीव जातो, तेव्हा तो बहुतेक वेळा टाळता आला असता. तो का टळला नाही हे विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. उलट त्याच शेडमध्ये उद्या कामावर जाणाऱ्याची ती काळजी असते. महाराष्ट्रात ही काळजी करणारी गावं पुष्कळ आहेत: खडकी, देहूरोड, वरणगाव, भुसावळ, अंबरनाथ, भद्रावती, अंबाझरी, भंडाऱ्याचं जवाहरनगर, देवळाली, नगरची के. के. रेंज. कुणाचा भाऊ तिथे नोकरीला, कुणाचं शेत कुंपणाला लागून, कुणी कंत्राटदाराकडे रोजंदारीवर. हे लिहिणं त्या सगळ्यांसाठी आहे.

लष्करात अधिकाऱ्याची बदली दोन-तीन वर्षांनी होते. एक साहेब येतात, शिस्त बसवतात, गवत कापून घेतात, फायर ड्रिल महिन्याच्या महिन्याला करतात. ते गेले की नवे साहेब येतात, त्यांच्यापुढे वेगळी कामं असतात आणि ड्रिल हळूहळू वहीतच होऊ लागतं. पण तिथला फायरमन, स्टोअरकीपर, सुपरवायझर, कामगार तीस-तीस वर्षं तिथेच असतो. कुंपणापलीकडचा शेतकरी तर पिढ्यान् पिढ्या तिथलाच. म्हणून सुरक्षेची सवय टिकवायची असेल, तर ती या न हलणाऱ्या माणसांच्या अंगात मुरली पाहिजे. दरवर्षी ४ मार्चला सुरक्षा दिन होतो, घोषवाक्यांच्या स्पर्धा होतात, शपथा घेतल्या जातात. माझ्या मते त्या एका दिवसापेक्षा एखाद्या जुन्या कामगाराने नव्या पोराला पहिल्या आठवड्यात काय शिकवलं, हे शंभर पटींनी महत्त्वाचं.

काय शिकवायचं, ते स्फोटकांच्या इमारतीच्या दारावरच लिहिलेलं असतं. आत एका वेळी किती माणसं असावीत आणि किती किलो स्फोटक असावं, असे दोन आकडे तिथे रंगवलेले असतात. कामगार पहिल्या आकड्याला ‘मॅन लिमिट’ म्हणतात. दारात तांब्याची पट्टी किंवा सळई असते. तिला हात लावून अंगातली स्थिर वीज जमिनीत सोडायची आणि मगच आत जायचं. काडेपेटी, मोबाईल, किल्ल्या बाहेर. कपडे सुती, कारण नायलॉनच्या घर्षणाने वीज साठते. बुटाला खिळा नको. हत्यारं पितळेची, तांब्याची किंवा लाकडाची, म्हणजे ठिणगी उडणार नाही. इमारतीभोवती मातीचा उंच बांध, म्हणजे एक फुटली तर झळ शेजारच्या इमारतीला लागू नये. यातला प्रत्येक नियम कुठे ना कुठे माणसं गमावून शिकलेला आहे.

आणि हे नियम मोडतात ते बेफिकिरीपेक्षा घाईने. मार्च जवळ आला की उत्पादनाचं टार्गेट डोक्यावर बसतं. चार माणसांच्या खोलीत सहा जण काम करू लागतात. उद्याचा माल आजच आत आणून ठेवला जातो. काहीच घडत नाही. दुसऱ्या दिवशीही काही घडत नाही, आणि मग सहा हाच आकडा सगळ्यांच्या अंगवळणी पडतो. २४ जानेवारी २०२५ ला जवाहरनगरच्या कारखान्यात स्फोट होऊन छत कोसळलं आणि किमान आठ कामगार गेले. त्या स्फोटाच्या कारणाबद्दल मी इथे काही म्हणत नाही. पण मॅन लिमिटचा अर्थ अशा वेळी कळतो: इमारत गेली, तर आत होते तेवढेच जीव जातात. दारावरचा आकडा म्हणजे वाईटात वाईट दिवशी किती घरांवर घाला पडू द्यायचा, याची मर्यादा आहे. म्हणून स्फोटकांच्या इमारतीत काम करणाऱ्या प्रत्येक भावाला, ताईला सांगणं आहे: आकड्यापेक्षा एक जरी माणूस जास्त दिसला तरी सरळ म्हणा, ‘साहेब, लिमिट झालं, मी बाहेर थांबतो.’ ज्या सुपरवायझरला हे ऐकून राग येतो त्याला वरच्या साहेबांपेक्षा तुमची गरज जास्त आहे, हेही त्याला एकदा शांतपणे सांगा.

जिवाला धोका आहे असं वाटलं तर तसं मालकाच्या, सुरक्षा समितीतल्या प्रतिनिधीच्या किंवा निरीक्षकाच्या कानावर घालण्याचा हक्क कामगाराला कायद्याने दिला आहे. १९४८ च्या कारखाने कायद्यातून लष्कराचं फिरतं युनिट तेवढं वगळलेलं होतं, दारूगोळ्याचा कारखाना वगळलेला नव्हता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाच्या स्थितीची नवी संहिता लागू झाली आहे. तिच्यात कामगाराला नेमणूकपत्र द्यायला सांगितलं आहे आणि ठरवून दिलेल्या वर्गातल्या कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणीही. नेमणूकपत्र कंत्राटी मजुराने तर मागितलंच पाहिजे. अपघातानंतर ‘हा आमच्याकडे कामाला नव्हताच’ असं कुणी म्हणालं, तर तो कागद घरच्यांच्या हातात असावा.

कंत्राटी मजुरांची आठवण होते ती सोनेगाव आबाजीमुळे. पुलगाव कोठाराजवळच्या या गावाशेजारी मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करण्याचं मैदान आहे. २० नोव्हेंबर २०१८ ला सकाळी तिथे पेट्या उतरवताना स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यांत आसपासच्या गावांतले मजूर होते. पेटीत काय आहे, ती कशी धरायची, पडली तर काय होईल, हे न सांगता माणसाला अशा पेट्या उचलायला लावणं हा गुन्हाच मानला पाहिजे. मजुरांनो, रोज जास्त मिळतो म्हणून अशा कामाला लगेच होकार देऊ नका. आधी विचारा: माल कुठला, नवा की मुदत संपलेला, शिकवायला कोण येणार, सोबत लष्कराचा जाणता माणूस उभा राहणार का, अँब्युलन्स मैदानावर असणार का? उत्तर मिळालं नाही तर त्या दिवशी घरी परत या. गावच्या सरपंचांनीही कंत्राटदाराचं नाव, मजुरांची यादी आणि कामाचे दिवस ग्रामपंचायतीत लिहून ठेवावेत. एवढी साधी नोंद असली तरी कंत्राटदार जपून वागतो.

याहून जीवघेणा आहे भंगाराचा धंदा. फायरिंग रेंजवर तोफेचा गोळा पडतो, पण प्रत्येक गोळा फुटतोच असं नाही. न फुटलेल्याला फौजी ‘ब्लाइंड’ म्हणतात. लोकांना वाटतं, हा फुसका निघाला, आता काय फुटतोय? नेमकं उलट असतं. गोळ्याच्या टोकाला जो फ्यूज असतो, त्यातली सुरक्षेची कळ तोफेतून सुटताना बसणाऱ्या धक्क्याने आणि गरगर फिरण्याने निघून जाते. म्हणजे पेटीतला गोळा एक वेळ बंदिस्त असतो, पण माळावर पडलेला गोळा फुटायला तयार होऊन अडकून बसलेला असतो. गोळ्याच्या बुडाशी तांब्याचं कडं असतं. सगळा मोह त्या कड्याचा. ते सोडवायला छिन्नी लावली, हातोडी मारली, की झालं. नुसतं उचलून पिशवीत टाकतानाही तो फुटू शकतो आणि पाच-दहा वर्षं पावसात पडून गंजलेला गोळा तर अधिकच बेभरवशाचा. रेंजला लागून असलेल्या गावांतली माणसं अशी गेली आहेत, गुरं राखायला गेलेली पोरंही.

माझं या बाबतीतलं मत कडक आहे. पोटासाठी कडं सोडवणाऱ्या माणसाइतकाच, किंबहुना जास्त, दोष ते विकत घेणाऱ्या भंगारवाल्याचा. गावाने त्याला बजावावं की लष्करी धातू घेतलास तर पोलिसांत देऊ. आणि रानात गोळा दिसलाच तर एवढंच करा: हात लावू नका, त्याच्यावर दगड रचू नका, फोटो काढायला जवळ जाऊ नका. आल्या वाटेने मागे फिरा, लांबून ओळखता येईल अशी खूण करा आणि ११२ वर किंवा पोलीस पाटलांना कळवा. गोळा जागच्या जागी उडवून देणं हे लष्कराच्या प्रशिक्षित पथकाचं काम. शाळेतल्या बाईंनी, गुरुजींनी पावसाळ्यानंतर एकदा तरी मुलांना हे समजावून सांगावं, कारण माती वाहून गेली की पुरलेले गोळे उघडे पडतात. सरावाच्या दिवशी लाल बावटा लागला असेल तर गुरं दुसरीकडे न्या. सरावामुळे पिकाचं, घराचं, माणसाचं नुकसान झालं तर १९३८ च्या मैदानी गोळीबार सरावाच्या कायद्यात भरपाईची तरतूद आहे. महसूल अधिकाऱ्याकडे अर्ज वेळेत करा, आणि तोंडी सांगून थांबू नका.

शहरातल्या लोकांचा संबंध येतो तो रेड झोनशी. देहूरोडच्या कोठाराभोवती २००० यार्डांच्या आत बांधकामाला बंदी आहे. तरीही निगडी, तळवडे, रुपीनगर भागांत गुंठ्या-गुंठ्याने प्लॉट विकले गेले आणि घामाच्या पैशाने लोकांनी घरं बांधली. त्यांची अडचण खरी आहे. स्वस्तात प्लॉट विकणारा निघून गेला आणि भोगतोय घेणारा. पण ‘अंतर कमी करा’ ही मागणी करण्याआधी ते कसं ठरतं हे समजून घ्यायला हवं. स्फोटाच्या दाबापासून वाचायला लागणारं अंतर साठ्याच्या घनमुळाच्या हिशेबाने बदलतं. साठा आठपट झाला तर अंतर दुप्पट लागतं. याचाच अर्थ अंतर निम्मं करायचं, तर साठा आठव्या हिश्शावर आणावा लागेल. देशाचा साठा असा आठव्या हिश्शावर येणार नाही. तेव्हा नकाशावरची रेषा आत सरकवली तरी स्फोटाचा दाब जिथे पोचायचा तिथे पोचणारच. यापुढे ज्यांना घ्यायचा आहे त्यांनी तरी रेड झोनमधला प्लॉट घेऊ नये. आधी महापालिकेच्या किंवा कँटोन्मेंटच्या कार्यालयात नकाशा पाहावा, एजंटाच्या शब्दावर जाऊ नये.

स्फोटकं वस्तीजवळ नकोत, हा धडा मुंबईने १४ एप्रिल १९४४ ला घेतला. व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजात कापसाच्या गाठी आणि स्फोटकं एकाच पोटात भरलेली होती. कापसाला आग लागली, जहाज फुटलं, गोदी आणि आजूबाजूच्या वस्त्या पेटल्या. आग विझवणारे ६६ जवान गेले. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ.

आता घरातल्या गोष्टी, कारण स्फोटाशिवायही माणूस झिजतो, आणि ती झीज कुठल्याच बातमीत येत नाही.

फौजेतून आलेले काका मोठ्याने बोलतात, टीव्हीचा आवाज वाढवतात. घरचे म्हणतात, वय झालं. वय नसतं ते, कान गेलेले असतात. रायफलच्या एका फैरीचा आवाज नेमबाजाच्या कानाशी १५० डेसिबलच्या वर जातो, तोफेचा त्याहून अधिक. कारखान्यांसाठीचा दंडक सांगतो की १४० च्या वरचा एकही धक्का उघड्या कानावर बसता कामा नये. आतल्या कानातल्या बारीक केसांसारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. सुरुवात ४००० हर्ट्झच्या आसपास होते, म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’सारखी अक्षरं आधी हरवतात. माणसाला आवाज येतो पण शब्द कळत नाही, ‘सात’ म्हटलं की ‘हात’ ऐकू येतं, आणि मग तो चारचौघांत बोलणंच टाळतो. नोकरीत असलेल्यांनी फायरिंगला इअर प्लग आणि वरून इअर मफ, दोन्ही वापरावेत. कान झाकणं म्हणजे नेभळटपणा, ही बराकीतली समजूत ज्येष्ठांनीच मोडायला हवी. सुभेदार साहेबांनी स्वतः मफ लावला की प्लाटून लावते. निवृत्तीच्या वैद्यकीय तपासणीत ऑडिओग्राम करून घ्या आणि त्याची प्रत जपून ठेवा. सेवेमुळे झालेल्या किंवा सेवेत वाढलेल्या आजाराचा दावा अशाच कागदांवर उभा राहतो. निवृत्त झालेले असाल तर माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, म्हणजे ईसीएचएसच्या, पॉलिक्लिनिकमध्ये तपासणी होते. लाजू नका.

प्रोपेलंटच्या, म्हणजे गोळा पुढे ढकलणाऱ्या दारूच्या, विभागात काम करणाऱ्यांच्या घरी एक गोष्ट मुद्दाम माहीत असावी. नायट्रोग्लिसरीन कातडीतून आणि श्वासातून रक्तात जातं आणि रक्तवाहिन्या फैलावतं. नव्या कामगाराचं डोकं ठणकतं. चार-सहा दिवसांत शरीर सरावतं आणि दुखणं थांबतं. सुट्टीच्या दिवशी तो सराव उतरतो, म्हणून कामाच्या पहिल्या दिवशी डोकं पुन्हा धरतं. इथवर त्रासच आहे. पण वर्षानुवर्षं हे चाललेल्या माणसाच्या रक्तवाहिन्या सुट्टीच्या दिवशी एकदम आवळू शकतात आणि हृदयात कुठलाही अडथळा नसताना झटका येऊ शकतो. तेव्हा सुट्टीत किंवा सुट्टीहून परतताना छातीत दुखलं तर गॅस म्हणून ओवा देत बसू नका. दवाखान्यात न्या आणि डॉक्टरांना पहिल्यांदा हे सांगा की हे नायट्रोग्लिसरीनमध्ये काम करतात. बाहेरच्या डॉक्टरला ते आपणहून सुचण्याची शक्यता कमी.

टीएनटीने हात, नखं, केस पिवळट होतात. हा रंग धुऊन घालवायचा म्हणून त्याच्याकडे बघू नका. यकृताला आणि रक्ताला इजा होत असल्याची ती सूचना असू शकते. फायरिंग रेंजवर शिशाची धूळ उडते आणि गणवेशावर बसून घरी येते. लहान मुलांच्या मेंदूला शिसं फार थोडं असलं तरी बाधतं. म्हणून कामाचे कपडे शक्यतो तिथेच बदला, घरी आणले तर वेगळे धुवा, हात-तोंड धुतल्याशिवाय लेकराला उचलून घेऊ नका. डबा कामाच्या टेबलावर उघडू नका.

पाण्याकडेही लक्ष असू द्या. टीएनटी मिसळलेलं सांडपाणी उन्हात गुलाबी-लालसर होतं. नाल्याला असा रंग दिसला तर तारीख-वेळ लिहा, फोटो घ्या आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी तक्रार देऊन पोच घ्या. रंग नसला म्हणजे पाणी चांगलं, असंही नाही. अमेरिकेत कॅम्प लेज्यून या मरीन कोअरच्या तळावरच्या विहिरींत १९५३ ते १९८७ या काळात सफाईची रसायनं आणि बेन्झीन मुरत राहिलं. सैनिक, त्यांच्या बायका, मुलं ते पाणी पीत राहिली. नुकसानभरपाईसाठी कोर्टात जायची वाट त्यांना २०२२ मध्ये मोकळी झाली. आपल्याकडे तळालगतच्या गावांनी विहिरी-बोअरचं पाणी वर्षातून एकदा तपासून घेतलं, तर तीस-चाळीस वर्षं थांबावं लागणार नाही. तपासणीला पाठवताना मात्र शिसं, नायट्रेट आणि स्फोटकांचे अंश तपासा, असं स्पष्ट लिहून द्या. नेहमीच्या पिण्याच्या पाण्याच्या तपासणीत स्फोटकं येत नाहीत.

लोहगावसारख्या हवाई तळांजवळ राहणाऱ्यांना एकच विनंती. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत उघड्यावर कचरा आणि मांसाचे अवशेष टाकायला विमान नियमांनी मनाई आहे. घारी त्या कचऱ्यावर येतात आणि लढाऊ विमानाच्या इंजिनात एक घार गेली तरी वैमानिकाच्या हाती काही सेकंद उरतात. दुकानदारांनी आणि सोसायट्यांनी हे मनावर घ्यावं.

शेवटी उन्हाळ्याबद्दल. २८ एप्रिल २००० ला राजस्थानात भरतपूरच्या कोठाराला आग लागली आणि शेकडो कोटींचा दारूगोळा जळाला. वाळलेलं गवत खर्च वाचवायचा म्हणून कापलेलं नव्हतं, असं पुढे आलं. पुलगावची आगही मेच्या शेवटची. कोठाराच्या आतलं गवत कापणं आणि फायर लाइन मोकळी ठेवणं हे लष्कराचं काम आहे, आणि ते वेळेत होतं की नाही हे विचारण्याचा शेजाऱ्याला पूर्ण अधिकार आहे. पण कुंपणाबाहेर एप्रिल-मेमध्ये आपण धुरे पेटवतो, तूरकाठ्या जाळतो, आणि वारा सुटला की ती आग कुणाच्या हातात राहत नाही. १ मेला ग्रामसभा असते. कोठार, कारखाना किंवा रेंज शेजारी असलेल्या प्रत्येक गावाने त्या सभेत दोन ठराव करावेत: कुंपणालगतच्या शेतांत कुणीही धुरे पेटवणार नाही, आणि स्टेशन कमांडरने वर्षातून एकदा गावात येऊन आग किंवा स्फोट झाल्यास कुठल्या वाटेने, कुठे निघायचं हे लोकांना दाखवावं. ठरावाची एक प्रत तहसीलदारांना द्या, एक तळावर द्या, आणि दोन्हींवर पोच घ्या.